शुक्रवारची पितळी पट्टी

सासूबाईंचा शुक्रवार म्हणजे पितळ. सकाळची कॉफी झाली की समया, घंटा, पंचपात्री, पाण्याचे हंडे, लग्नात आलेली मोठी तपेली, सगळं मागच्या विहिरीपाशी मांडायचं. भिजवलेली चिंच, विटेची चाळलेली भुकटी आणि नारळाची शेंडी, एवढ्यावर त्या अशा घासत की उन्हात त्या भांड्यांकडे बघवत नसे. सगळं पालथं घालून झालं की उरलेली चिंच मुठीत घेऊन त्या उठत आणि घराच्या बाजूच्या पडवीत जात. तिथे आमची मोटार उभी असे. मोटारीचं बॉनेट वर करायचं, त्याला मुसळाचा टेकू लावायचा आणि आत वाकून तिथली पितळी पट्टी घासायची. मग तिला हळदकुंकू लावायचं. मी त्या घरात सून म्हणून आले त्याच्याही आधीपासून हे चाललेलं.

भांड्यांचं आणखी एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी माणसं; आमच्या कुंभकोणात भांडं विकत घेतलं की दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस हातोडी आणि बारीक छिन्नी घेऊन, टिंब टिंब करत, त्यावर मालकाचं नाव घालून देतो. तमिळ अक्षरांत. लग्नाकार्यात भांडी गल्लीभर फिरतात, नाव असलं की आपल्या घरी परत येतात. घासून घासून नाव पुसट झालं की सासूबाई ते भांडं पिशवीत घालून दुकानात नेत आणि नाव पुन्हा घालून आणत. आमच्या घरच्या प्रत्येक भांड्यावर सासऱ्यांचं नाव होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांचंच.

मोटारही त्यांचीच. विलायती, दोन जागांची, टप नसलेली, शर्यतीच्या गाड्या असतात तशी. सासरे डोंगरात चहाच्या मळ्यावर कारकून होते. मळ्याचा गोरा मॅनेजर मायदेशी निघाला तेव्हा ही गाडी त्यांच्या गळ्यात घालून गेला. सासऱ्यांनी ती घाट उतरवून कुंभकोणाला आणली आणि पडवीत ठेवली. सासूबाई तिच्यात कधी बसल्या नाहीत. दोनच जागा. आधी सासरे आणि शेजारी त्यांची पिशवी, मग आम्ही नवराबायको.

आमचे हे कॉलेजात फिजिक्स शिकवत. ऐंशीच्या सुमारास त्यांनी गाडी दुरुस्त करायला घेतली. प्रत्येक मे महिन्याची सुट्टी त्यात गेली. मूळचं इंजिन फुटलेलं होतं, तिथे देशी मोटारीचं बसवलं. खालचा सांगाडा एका कोपऱ्यात गंजून गेलेला, तो लॉरीच्या कारखान्यात कापून नवा तुकडा जोडून घेतला. मळ्यावरचे कागद वाळवीने खाल्लेले, म्हणून नवं आर.सी. बुक काढलं, त्यात इंजिन आणि सांगाडा, नंबरच्या दोन्ही घरांत कुणी तरी नव्या इंजिनाचाच नंबर लिहून दिला. तेव्हा आम्हांला काय त्याचं. गाडी सुरू झाली. रविवारी संध्याकाळी आम्ही तिरुविडैमरुदूरच्या रस्त्याने जायचो, भाताच्या शेतांमधून, आणि मी डोक्यावरून पदर गच्च धरून बसायची. ह्यांना मी त्या वर्षांत जेवढं हसताना पाहिलं तेवढं नंतर नाही.

नव्वदीच्या शेवटी माझ्या भावाने मद्रासहून त्याचा जुना कंप्युटर पाठवला आणि घरच्या फोनला इंटरनेट आलं. फोनमधून ती किंचाळी उठली की सासूबाई देवघरातून विचारायच्या, "कोण रडतें गे?" ह्यांना टाइप येत नव्हतं. मी लग्नाआधी टाइपरायटिंगची लोअर परीक्षा पास झालेली. इंग्रजी मला बोलता येत नसे, पण वर्षभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करून करून ते वाचता यायला लागलं होतं. म्हणून हे खुर्चीमागे उभे राहून सांगायचे आणि मी बडवायची.

अशी आम्हांला ती मंडळी सापडली. जगभरात ज्यांच्याकडे ही गाडी, नेमकी ह्याच बनावटीची, त्यांचा एक गट होता. एकाने ई-मेल लिहिलं की ते सगळ्यांना जायचं, मग त्याला सगळे उत्तरं द्यायचे. ब्रेकचं तेल कुठलं, दाराची चिमटी कुठे मिळेल, कुणाच्या बायकोने गाडी की मी असं विचारलं. कुणी ऑस्ट्रेलियात, कुणी अमेरिकेत, बरेचसे इंग्लंडात. आणि प्रत्येकाच्या सहीखाली तीन गोष्टी असायच्या. गाडीचं साल, गाडीचा रंग, आणि कारखान्याने गाडीवर ठोकलेला नंबर. आपल्यात मुंज झालेला मुलगा वडीलधाऱ्यांपुढे वाकताना गोत्र-प्रवर म्हणतो ना, अगदी तसं. ते म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

ह्यांनी साल लिहिलं, रंग लिहिला आणि नंबर लिहिला नाही; आर.सी. बुकात होता तो नव्या इंजिनाचा. कुणी विचारलंही नाही काही महिने. हे भराभर लिहीत, मी भराभर बडवत. तिकडची माणसं ह्यांना नावाने हाक मारायला लागली. कावेरीच्या काठी आपली एक बहीण आहे, असं एका ऑस्ट्रेलियन बाईने आमच्या गाडीबद्दल लिहिलं तर ह्यांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं.

मग त्या मंडळींनी ठरवलं की हिवाळ्यात आपल्या गाड्या जहाजाने मद्रासला आणायच्या आणि तिथून कन्याकुमारीपर्यंत चालवत न्यायच्या. वाटेत कुंभकोण. इथल्या कुणाकडे ही गाडी असेल तर तो त्या रांगेत सामील होऊ शकेल. आमच्या ह्यांनी त्याच दिवशी पेट्रोलची टाकी उतरवून साफ केली. निवृत्तीला आलेला माणूस, पण चालीत फरक पडला. बाजारात, देवळात, भजनाला मरुदानल्लूरला गेले तिथेही सांगून आले की मी कन्याकुमारीपर्यंत जातोय, विलायतेच्या लोकांबरोबर. आख्ख्या गावाला सांगून झालं.

त्या गटात एक इंग्रज म्हातारा होता. कोणती गाडी खरी आणि कोणती जोडजाड केलेली, हे तो ठरवायचा. मी त्याचं नाव जज्ज ठेवलं होतं. त्या जज्जाचं आम्हांला एका ओळीचं पत्र आलं. "आपला नंबर?"

हे उठून पडवीत गेले, बॉनेट उघडलं. मी मागोमाग. कारखान्याचा नंबर असायला हवा ती पट्टी लखलखत होती, मधोमध कुंकवाचं बोट. बाकी काही नाही. आरशासारखी. ह्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, मग नखाने चाचपून पाहिलं. त्या पट्टीवर त्यांनी कधी अक्षर शोधलंच नव्हतं. रोज दिसणाऱ्या देवाच्या मूर्तीचं नाक झिजलंय हे कुठे कुणाला दिसतं.

ह्यांनी खरं ते लिहिलं. इंजिन दुसरं, सांगाडा जोडलेला, आणि घरी आई शुक्रवारी पितळ घासते, त्यात नंबर गेला. पुरावा म्हणून पट्टीचा फोटो काढून, तंजावरला जाऊन स्कॅन करून पाठवला. मी म्हटलं, "कुंकू तरी पुसून काढायचा होतात फोटो." हे म्हणाले, "खरं आहे ते दाखवायला लाज कसली."

पुढचा आठवडाभर ती मंडळी हसत होती. एकाने लिहिलं, गाडी इतकी स्वच्छ धुतली की तिचा जन्मच निघून गेला. दुसऱ्याने विचारलं, तिच्यात भात शिजतो का, की नुसतं पाणी तापतं. ती ऑस्ट्रेलियन बाई, बहीण म्हणणारी, तिने लिहिलं की माझ्याकडे चांदीचे चमचे आहेत, सासूबाईंना इकडे पाठवून द्या. जज्जाने विनोद केला नाही. त्याने लिहिलं, इंजिन दुसरं, सांगाडा कापलेला, नंबर नाही. ह्या वस्तूला आम्ही आमची गाडी म्हणू शकत नाही. घरात एक भांडं आहे, एवढंच आपल्याला म्हणता येईल.

आता मी जे सांगते ते सांगायला जड जातं, पण झालं ते झालं. दुपारी हे जेवायला बसले. सासूबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. हे म्हणाले, "आज काय काय आलंय ते आईला सांग. मराठीत."

मी म्हटलं, "काही विशेष नाही. नंबराचंच विचारतायत."

"तसं नाही लिहिलेलं. नीट सांग. भात शिजतो का ते सांग."

मी सांगितलं. रोज दुपारी सांगितलं. मी एखादा शब्द मऊ करायला गेले की हे घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "अंहं. तिथे दुसरा शब्द आहे." त्यांना इंग्रजी येत होतं, मराठी येत होती, समोर बसलेली आई त्यांची होती. पण ते स्वतः तिला एक अक्षर बोलले नाहीत. सगळं माझ्या तोंडून.

सासूबाई काही कच्च्या नव्हत्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "त्यांस सांग, चिंचेनें पितळ झिजत नाहीं. माझ्या माहेरचा हंडा माझ्याहून म्हातारा आहे."

"हंड्याला कोणी नंबर विचारत नाही म्हणावं," हे ताटाकडे बघून म्हणाले.

"आणि विचारला तर नाव दाखवतें मी. प्रत्येकावर आहे."

"तेच तर."

दुसऱ्या दिवशी त्या कमी बोलल्या. मग बोलेनाशा झाल्या. तांदूळ निवडायचं ताट घेऊन त्या विहिरीकडे जाऊ लागल्या, तर हे मला सांगत, "बोलाव आत. पत्र आलंय."

गाड्यांची रांग मद्रासहून निघायच्या सुमारास जज्जाचं आणखी एक पत्र आलं. ह्या वेळी जरा बरं. त्याने लिहिलं, धातूवर ठोकलेलं अक्षर वरून झिजलं तरी आतला धातू दबलेला राहतो. तिरपा उजेड आणि भिंग असलं की कधी कधी वाचता येतं. आम्ही तिरुविडैमरुदूरला थांबणार आहोत. गाडी तिथे आणा, मी स्वतः बघतो. नंबराचे दोन आकडे जरी सापडले तरी तुम्ही आमच्याबरोबर. तोवर त्या पट्टीला कुणी हात लावू नये.

हे पत्रही दुपारी वाचलं गेलं. ह्यांनी ह्या वेळी स्वतः सांगितलं, आईकडे बघून. "पट्टीवर काही सापडलं तर मी जाणार. नाही सापडलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. कळलं? चिंच लावायची नाही."

"चिंच नाहीं लावत," सासूबाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला मी.

थांबायची जागा बघायला, पाहुण्यांच्या कॉफीचं सांगून ठेवायला आम्ही दोघं बसने तिरुविडैमरुदूरला गेलो. दुपार तिथेच गेली. परत आलो तेव्हा सासूबाई पुढच्या ओट्यावर बसून फुलं ओवत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी म्हटलं, बरं झालं, निवळल्या. रात्रीच्या जेवणात त्यांनी ह्यांना स्वतःहून तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. पट्टीवर शेवंतीचा हार होता, त्याच्यावर हळदकुंकू. हे काढायला गेले तर सासूबाई लाडाने म्हणाल्या, "राहूं दे कण्णा. शुभ काम आहे. तिथें गेल्यावर काढ." ह्यांनी राहू दिलं. मी बसले. त्या ओट्यावर उभ्या राहून गाडी वळेपर्यंत बघत होत्या.

मोठ्या देवळाच्या रस्त्यावर त्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्या आमच्या गाडीसारख्या, पण जणू आजच खोक्यातून काढलेल्या. माणसं लाल झालेली, घामेजलेली, हसरी. जज्ज म्हणजे एक लहानसा, स्वच्छ म्हातारा, गळ्यात भिंग लोंबतंय. त्याने ह्यांचा हात हातात घेऊन हलवला, मला नमस्कार केला, कॉफी प्याला, आणखी मागून घेतली. माणूस वाईट नव्हता. मग तो म्हणाला, बघू या.

ह्यांनी बॉनेट उघडलं आणि स्वतःच्या हाताने हार काढला.

पट्टीभर टिंबं होती. एकाला एक लागून, खोल, नेटकी. तमिळ अक्षरं. सासऱ्यांची आद्याक्षरं, त्यांचं नाव, खाली कुंभकोण. आमच्या तपेल्यावर असतं तेच, तसंच.

मला एका क्षणात सगळं कळलं. काल आम्ही नसताना सासूबाईंनी दुकानाच्या पायरीवरच्या त्या माणसाला घरी बोलावलं असणार. पट्टीवर काही सापडलं तर मुलगा जाणार, एवढं त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी तिथे सापडेल असं घालून ठेवलं. नाव झिजलं तर पुन्हा घालायचं, आयुष्यभर हेच केलेलं. चिंच लावली नव्हती. दिलेला शब्द पाळला होता.

जज्जाने भिंग लावलं. बराच वेळ वाकून बघितलं. मग ह्यांना विचारलं, "हे कालपरवाचं काम दिसतं. काय लिहिलंय?"

हे हातातला हार गुंडाळत राहिले. मी माझ्या तुटक्या इंग्रजीत म्हटलं, "ओनर. फादर."

"खाली काही असलंच, तर ते ह्या टिंबांनी मोडलं," जज्ज म्हणाला, अगदी हळू. मागून कुणी तरी वाकून बघितलं आणि त्याला हसू आवरेना. मग बाकीचे आले. एकेक जण येऊन बघायचा, दुसऱ्याला बोलवायचा. एकाने सांगितलं, ह्या गाडीतून आता पंगत वाढायला हरकत नाही. फोटो काढले. जज्जाने मात्र बॉनेट स्वतः खाली केलं, ह्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्हांला हात करा, आम्हांला फार आवडेल.

आणि हे उभे राहिले. सगळ्या गाड्या जाईपर्यंत हात करत होते. मी त्यांच्या शेजारी.

घरी सासूबाई दारात आरतीचं ताट घेऊन तयार. हळद-चुन्याचं लाल पाणी, वर जळता कापूर. "सांपडलें कीं?" त्यांनी विचारलं.

हे ताटाला वळसा घालून आत गेले, स्क्रूड्रायव्हर घेऊन पडवीत आले. पट्टी उपटून आणली आणि सासूबाईंच्या पायांपाशी टाकली. "हे घे. नाव घातलंयस ना, आता हेच घास बसून. माझ्या देवालाही हात लावायचा नाही आणि भांड्यालाही."

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. पट्टी उचलून पदराने पुसली. "घासतें कीं," म्हणाल्या.

त्यानंतर हे आपल्या आईशी थेट कधीच बोलले नाहीत. जेवायला ये म्हणून तिला सांग. औषध घेतलंस का म्हणून तिला विचार. त्याही मला सांगत, त्यास म्हणावें पायाला तेल लाव. एकाच घरात, एकाच मराठीत बोलणारी दोन माणसं, आणि मध्ये मी दुभाषी. घरातलं पितळ मी घासू लागले, म्हणजे घासलं न घासलं असं. सगळं काळवंडलं. शुक्रवारी विहिरीपाशी सासूबाई एकट्या, समोर ती एक पट्टी. तळहाताएवढ्या वस्तूला सकाळभर वेळ लावायच्या. खसखस आवाज पुढच्या खोलीपर्यंत यायचा. हे उठून दार लावून घ्यायचे.

गाडी पुन्हा निघाली नाही. पडवीत ताडपत्रीखाली गेली. पण गट ह्यांनी सोडला नाही. आमच्या पट्टीचे फोटो तिथे आले, खूप दिवस चालले, मग लोक विसरले. हे वाचत राहिले, सगळ्यांचे नंबर ह्यांना तोंडपाठ झाले. सहीखाली साल आणि रंग लिहायचंही बंद केलं. नुसतं नाव.

मग एके शुक्रवारी एका नव्या माणसाचं पत्र आलं. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावातला. वडिलांची गाडी होती, ते गेल्यावर कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली, तिला पुन्हा उभी करायची आहे, मला काही येत नाही, शिकवाल का. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, माझ्यासारखं. साल लिहिलं होतं. रंग लिहिला होता.

हे माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं.

"लिही," म्हणाले. "आपला नंबर?"

मी म्हटलं, "आधी नमस्कार तरी लिहू? वडील गेलेत त्याचे."

"नको. एवढंच."

मी टाइप केलं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, की पट्टी होती तिथे नुसती भोकं आहेत, नंबर कुठे बघायचा ते कृपा करून सांगा. ह्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी टेकून बसले. पूर्वी रविवारी गाडीत बसायचे तसे.

"आता लिही," म्हणाले, "मी सांगतो तसं. गाडी अंडी घालते का ते विचार."